डाव्या तळव्याचा वास

सन २०२३. मला तेव्हा चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, आणि मधमाशीबद्दल आपल्याला कुणाकडून शिकायचं काही राहिलं आहे हे मी मानत नव्हतो.

शाळा माझी चौथीपर्यंत, त्यातली चौथी निम्मीच. पण कोडोलीच्या शिवारात मी चाळीस वर्षं मधाच्या पेट्या सांभाळल्या. सातेरी माशी, म्हणजे आपली गावरान. अंगानं बारीक, पण समजूतदार. पन्हाळ्याच्या अंगाला जांभूळ फुलली की पेट्या तिकडं न्यायच्या, सूर्यफूल आलं की खाली रानात आणायच्या. मधाची बाटली नाकाशी धरली की हा जांभळाचा, हा हिरड्याचा, ह्यात कुणीतरी काकवी ओतली आहे, हे मी सांगायचो. चाखायची गरज नाही. लोक पैजा लावायचे आणि मी कधी हरलो नाही. हे लिहिताना अजून माझी मान ताठ होते. होऊ द्या. पुढं जे सांगायचं आहे त्यात ती खाली जाणारच आहे.

पोरानं शहरात मंगळवार पेठेत घर घेतलं आणि मला आणि म्हातारीला इकडं आणलं. येताना मी दोन पेट्या घेऊनच आलो. गच्चीवर एक पत्र्याची खोली होती, तिच्याबाहेर उगवतीकडं तोंड करून ठेवल्या. शेजाऱ्यांनी कुरकुर केली. मी म्हटलं, ज्याला माशी चावंल त्यानं येऊन मला चावावं. मग कुणी बोललं नाही.

नात ह्याच पोराची. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी, आणि चढली ती उतरायचं नावच घेईना. किड्यांच्या डोक्याचा अभ्यास करायची. वास माशीच्या मेंदूत कसा बसतो, आणि एका वासापासून दुसरा तिला वेगळा कसा कळतो, असा तिचा विषय. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो.

"नाक असतंय म्हणून कळतंय की. त्यात काय शिकायचं?"

"आज्जा, माशीला नाक कुठाय?"

"मिशा हायत."

"मग मिशा म्हणा."

पेट्यांत चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे उत्तर नातीकडून मिळालं. पोरगी तयार आहे हे मी मनात नोंदवून ठेवलं.

तिची अडचण अशी होती की माशा कॉलेजपर्यंत नेईतो निम्म्या मरायच्या, आणि उरलेल्या दिवसभर रुसून बसायच्या. तेव्हा तिनं तिच्या मॅडमना विचारलं आणि सामानच घरी आणलं. पत्र्याची खोली झाडून घेतली, खिडकीला एक उलटा पंखा बसवला, म्हणजे आतला वास साचून राहू नये. एका माणसाचं ते काम नव्हतं. एकानं वास द्यायचा आणि साखर द्यायची, दुसऱ्यानं भिंगातून बघायचं आणि लिहायचं. ती म्हणाली, "कॉलेजातली मैत्रीण येईल." मी म्हटलं, "माझ्या माशांना परक्याचा हात लागणार न्हाय." असा मी त्यात शिरलो.

काम असं असायचं. सकाळी पेटीच्या तोंडाशी येणाऱ्या-जाणाऱ्या बारा माशा धरायच्या, बर्फावर ठेवायच्या. थंडीनं त्या निपचित पडल्या की एकेकीला बोटाएवढ्या नळीत बसवायचं, मानेमागं चिकटपट्टीची एक चिंधी लावायची. डोकं आणि मिशा बाहेर, अंग आत. पाळण्यात बांधलेल्या तान्ह्या पोरासारख्या दिसायच्या. माझी एकच अट होती, संध्याकाळी सगळ्या पेटीत परत गेल्या पाहिजेत. ती तिनं पाळली.

मग दोन वास. दोन काचेच्या नळ्या, आत वासाच्या कागदाची पट्टी, मागं रबरी फुगा. फुगा दाबला की वासाची फुंकर माशीच्या तोंडावर जायची. तांबडा दोरा बांधलेली नळी साखरेची: तिची फुंकर गेली की लगेच काडीवरचा साखरपाण्याचा थेंब मिशीला लावायचा. साखर लागली की माशी सोंड बाहेर काढते. पांढऱ्या दोऱ्याच्या नळीला साखर नाही, नुसती फुंकर. असं पाच-सहा वेळा केलं की माशी शिकते. मग साखर न देता नुसते वास द्यायचे. तांबड्याला सोंड काढली आणि पांढऱ्याला नाही काढली, म्हणजे तिला दोन्हींतला फरक कळला.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टींवरून आमचं वाजलं.

तिनं रबरी हातमोजे पुढं केले. मी म्हटलं, "मी काय गुरांचा डॉक्टर हाय? आयुष्यात मोहोळात उघडा हात घातलाय मी."

"माशा चावतील म्हणून नाही हो, आज्जा. हाताचा वास लागू नये म्हणून."

"माझ्या हाताला काय घाण लागलीय?"

तिनं मोज्यांचं खोकं कोपऱ्यात ठेवलं.

दुसरं असं की तिनं सांगितलं, दोन्ही नळ्या उजव्या हातातच धरायच्या, आणि साखरेची काडी डाव्या हातात. आता हे मला कसं पटावं? डाव्या हातानं मी जन्मात कुणाला खायला घातलं नाही. भिकाऱ्याला नाही, कुत्र्याला नाही. माशीनं तर माझं घर चालवलं. मी हो म्हटलं आणि माझं मीच केलं. पांढरी नळी उजव्या हातात. तांबडीच्या वेळी साखर द्यायची असायची, म्हणून उजव्या हातात काडी, आणि तांबडी नळी डाव्या हातात. पुढं नुसते वास द्यायची पाळी आली, साखर नसायची, तरी तांबडी आली की हात आपोआप बदलायचा. नातीचे डोळे भिंगाला लावलेले, तिला दिसायची फक्त माशीची सोंड.

सुरुवातीला वास लांबलांबचे होते. एकीकडं लवंग, एकीकडं गवती चहा. त्यात माशा कधी चुकल्या नाहीत. मग तिनं दोन्हींचं मिश्रण करायला सुरुवात केली. एका नळीत लवंग जास्त नि चहा कमी, दुसरीत उलटं. हळूहळू ती दोन मिश्रणं जवळ जवळ आणत चालली.

"कशापायी?" मी विचारलं.

तेव्हा तिनं लॅपटॉप उघडून दाखवलं. माशीचा मेंदू. कुठल्या तरी लांबच्या देशात चित्र काढलेलं. सीताफळासारखं दिसत होतं, डोळ्याडोळ्यांचं.

"मिशांवर बारीक केस असतात. ठराविक वासांनाच ते जागे होतात. तिथून तारा आत येतात, ह्या गाठींत. लवंग दिली की ह्या ह्या गाठी पेटतात. चहा दिला की ह्या." ती बटण दाबेल तसे डोळे तांबडे-पिवळे व्हायचे. "दोन्ही मिसळून दिले की दोन्हीतल्या काही काही. आणि मिश्रणं अगदी जवळची असली तर चित्रही जवळजवळ तेच. मग माशी फरक करते कुठवर? मला ते बघायचं आहे."

"हितंच संपलं?"

"नाही. हे नुसतं दारातलं. पुढं बातमी हजारो पेशींकडं जाते. पण त्यातल्या अगदी थोड्या बोलतात. बाकीच्यांना गप्प करणारे वेगळे असतात."

मी जरा विचार केला. "म्हंजे तालमीची मीटिंग. आदी सगळीच वरडत्यात, कुणाचं कुणाला कळत न्हाय. मग वस्ताद टेबलावर हात आपटतो. तरीबी जी चार टाळकी थांबत न्हाईत, त्यावरनं कळतं आज भांडण कशाचं हाय."

ती इतकी हसली की भिंग हललं. "तीच चार टाळकी म्हणजे तो वास, आज्जा. दुसरा वास, दुसरी चार टाळकी."

"आन साखर?"

"साखर तोंडाला लागली की एक पेशी सगळीकडं रस सोडते. त्या घटकेला जी टाळकी बोलत असतात ती पक्की होतात. पुन्हा तीच बोलली की सोंड बाहेर, साखर असो नसो."

"गुलाल," मी म्हटलं. "जोतिबाच्या डोंगरावर उधळत्यात तसा. गुलाल काय माणूस बघून पडत न्हाय. त्या घटकेला जो तिथं हुबा असंल त्याच्यावर पडतो."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि हे वहीत लिहून घेतलं. चौथी नापास माणसाचं वाक्य पीएच.डी.च्या वहीत गेलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मिश्रणं जवळ येत गेली आणि माशा काही चुकेनात. नात चक्रावली. तिच्या वाचण्यात होतं की एवढ्या जवळच्या वासांना माशी गोंधळते. आमच्या गोंधळत नव्हत्या. शेवटी तर दोन्ही नळ्या मी स्वतः हुंगून बघितल्या. ज्या नाकानं पैजा मारल्या त्याला फरक कळेना, आणि माशीला कळत होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझ्याच माशा होत्या.

तिच्या मॅडम एकदा घरी येऊन बघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या हाताला काहीतरी आहे." मी ते वाक्य तालमीच्या कट्ट्यावर किती जणांना ऐकवलं असेल, हिशेब नाही. कट्ट्यावरचा एक म्हातारा खवचट होता, तो म्हणाला, "हाताला काय असणार? चुना!" सगळे हसले. मीही हसलो. तो खरं बोलून गेला होता हे तेव्हा ना त्याला माहीत, ना मला.

फक्त रविवारी बिघडायचं. लवंग आणि चहा नुसते असले तर रविवारीही माशा बरोबर सांगायच्या, पण जवळची मिश्रणं आली की दोन्हीला सोंड काढायच्या. वहीत त्या ओळींपुढं नातीनं 'र' लिहिलेला. असे 'र' वाढत गेले. तिला पुढच्या शुक्रवारी कॉलेजात लोकांसमोर उभं राहून हे सगळं मांडायचं होतं. बाहेरगावची मोठी माणसं येणार होती. त्यांच्या पसंतीवर तिचं पुढचं शिक्षण ठरणार होतं, आणि हा 'र' तिला झोपू देईना.

रविवार आमच्या घरी जोतिबाचा. त्या दिवशी एकवेळ जेवण. मी सकाळी देवाचे टाक चिंच आणि राख लावून घासतो, धूप घालतो, आणि दिवसभर तंबाखूला शिवत नाही. बाकीचे सहा दिवस तंबाखू आणि मी वेगळे नाही. डाव्या तळव्यावर चिमूट घ्यायची, चुना लावायचा, उजव्या अंगठ्यानं मळायची. अंगठा धोतराला पुसतो. तळवा कोण पुसतंय?

शुक्रवारच्या आधीच्या रविवारी नात जिन्यात येऊन म्हणाली, "आज्जा, आजचा दिवस धूप नको. मला वाटतं धुपाच्या वासानं माशा गोंधळतात."

"देवाचा धूप बंद करू? माशीसाठी?"

"एकच दिवस. करून तर बघू."

"माझ्या बापानं केला, त्याच्या बापानं केला. माशांस्नी सवय झाली पायजे, देवाला न्हाय."

आवाज चढला. म्हातारी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचं नि माझ्या तंबाखूचं वैर लग्नापासूनचं.

"अगं, धूप कशाला बदनाम करतीस?" ती नातीला म्हणाली. "रविवारी यांस्नी तंबाखू न्हाय मिळत, म्हणून हे चिडत्यात. यांच्या माशाबी यांच्यासारख्याच. त्यांस्नीबी पायजे असंल चिमूट!"

नात हसली आणि वर गेली. मी हसलो नाही. टाक हातात होता. चिंचेनं तळवा गोरा झालेला. मी तो नाकाशी नेला. कसलाच वास नाही.

सोमवारी मी रोजच्यासारखं काम केलं. रोजच्यासारख्या माशा शिकल्या, रोजच्यासारख्या बरोबर निघाल्या. दुपारी नात कागद छापून आणायला कॉलेजात गेली. बारा माशा अजून नळ्यांत बसलेल्या होत्या. मी खोलीचं दार लावलं.

एक कोरी नळी घेतली. आत कागद नाही, लवंग नाही, चहा नाही, काही नाही. तिला फुगा लावला, डाव्या हातात धरला आणि पहिल्या माशीवर दाबला.

सोंड बाहेर आली.

दुसरीची आली. तिसरीची आली. बारापैकी दहा जणींनी सोंड काढली, काहीच नसलेल्या हवेला. मी फुगा उलटा करून बघितला. त्याच्या बुडाला भोक असतं, तिथून तो हवा ओढतो आणि पुढून सोडतो. ते भोक माझ्या तळव्याला टेकलेलं असायचं.

मग तीच कोरी नळी उजव्या हातात धरली. दोघीतिघींनी काढली. बाकीच्या गप्प. खाली जाऊन मी डावा हात चिंच-राखेनं घासला, वर आलो, पुन्हा डाव्या हातात धरली. एकीनंही नाही. म्हटलं, कंटाळल्या असतील. खात्री करायला पुन्हा चिमूट मळली, तळवा झटकला आणि फुगा दाबला. सोंडा बाहेर.

हे असं उलटसुलट करून बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं. माझं मला सुचलं, आणि सुचलं नसतं तर बरं झालं असतं असंही त्याच वेळी वाटून गेलं.

लवंग आणि चहा नुसते असले की माशा वासावरच ओळखायच्या. पण मिश्रणं जवळ आली, दोन्हींची टाळकी सारखीच झाली, तेव्हा त्यांनी तिसराच वास धरला. साखर येताना दर वेळी तिथं कोण उभं होतं? माझा तंबाखू. गुलाल त्याच्यावर पडला होता.

मी खाली येऊन बसलो. संध्याकाळी नात आली ती उड्या मारतच. माझ्यासमोर बसून मॅडमना फोन लावला. "हो मॅडम, सगळं तयार आहे. रविवारचं मी वेगळं दाखवते, धुपामुळं असं लिहिते." मी खाटेवर बसून ऐकत होतो. तोंड उघडलं की तिचे चार महिने जातात. नाही उघडलं तर शुक्रवारी ती मोठ्या लोकांसमोर माझा तंबाखू माशीची अक्कल म्हणून मांडणार. आज ना उद्या कुणीतरी दुसरीकडं तेच करून बघणार, त्यांच्या माशा चुकणार, आणि पोरीला खोटी म्हणणार. हे मला कळत होतं. तरी मी त्या दिवशी बोललो नाही. तिच्यासाठी बोललो नाही असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. कट्ट्यावर काय सांगायचं हा दुसरा अर्धा भाग होता.

मंगळवारी दुपारी काम आटपल्यावर तिनं छापलेले कागद आणले. शेवटच्या पानावर बोट ठेवून मला वाचायला लावलं. मी अक्षर अक्षर जुळवत वाचलं. ह्या कामात माझ्या आजोबांचा हात आहे, त्यांच्याशिवाय हे झालं नसतं, असं तिथं होतं.

मी कागद तिच्या हातात परत दिला. "बस भिंगाला."

"आत्ता? आजचं झालं की."

"बस म्हणतोय न्हवं. आन मला कोरी नळी दे."

"कोरी कशाला?"

"दे."

तिनं दिली. मी डाव्या हातात फुगा धरला आणि दाबला. ती भिंगातून बघत होती. पहिली माशी, दुसरी, तिसरी. पाचव्या माशीला तिनं डोकं वर उचललं. नळीत डोकावून बघितलं, कागद कुठं चिकटून राहिला नाही ना म्हणून. मग माझ्या हाताकडं बघितलं.

"हात बघू."

मी फुगा खाली ठेवला. तिनं माझा तळवा दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेला. लहानपणी ह्याच तळव्यावर ती शेंगदाणे वेचून खायची.

"तंबाखू," ती म्हणाली.

"व्हय."

"तांबडी नळी नेहमी ह्याच हातात?"

"व्हय."

तिनं वही ओढली. पानं उलटत गेली. र. र. र. प्रत्येक 'र'वर तिचं बोट थांबायचं.

"रविवारी तुम्ही खात नाही."

"टाक घासतो. चिंचंनं."

तिनं वही मिटली. 

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल. तू कालिजात गेलतीस तवा."

"काल मी तुमच्यासमोर मॅडमना फोन केला."

"व्हय."

"तुम्ही खाटेवर बसला होता."

"व्हय."

"हातमोजे दिले होते मी."

"दिलं हुतंस."

"काडी डाव्या हातात धरा म्हटलं होतं."

"म्हटलं हुतंस."

भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ती भांडली नाही. माशा सोडवायला लागली. एकेकीच्या मानेमागची चिंधी काढायची, पेटीच्या फळीवर ठेवायची. बाराव्या माशीला सोडल्यावर म्हणाली, "उद्या वर येऊ नका, आज्जा."

माझ्याच पेट्या होत्या. त्यांच्याजवळ येऊ नको असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी ती जिन्यात उभी राहून फोनवर बोलत होती. मी खाली दारात होतो. "नाही मॅडम, जवळच्या मिश्रणांचं सगळंच काढावं लागेल. लांबच्या वासांचंही परत करून बघते... हो, शुक्रवारी मी नाही मांडत... नाही, त्यांची नाही. चूक माझी आहे. त्यांच्या हाताकडं मी बघायला हवं होतं." मॅडम पलीकडून काय म्हणाल्या ते कळलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "माझीच आहे." माझं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

म्हातारीनं ताट वाढलं. "पोरगी रडली का?"

"न्हाय."

"मग लई लागलंय तिला." थोड्या वेळानं म्हणाली, "तुमी काय म्हणालासा?"

"काय म्हणणार?"

"चुकलं म्हणायचं असतं."

मी भाकरी मोडली. चुकलं हा शब्द मी बापासमोर म्हटला नव्हता, मालकासमोर नाही, बायकोसमोर तर नाहीच. जीभच वळत नाही तिकडं. आता ह्या वयात वळेल असंही वाटेना. ताटावरून उठताना मात्र मी तिला विचारलं, "चिंच शिल्लक हाय का?"

दुसऱ्या दिवशी बुधवार. पहाटे उठून मी मोरीत बसलो आणि दोन्ही हात चिंच-राखेनं कोपरापर्यंत घासले. म्हातारी दारात येऊन उभी राहिली. "आज कुठला रविवार?" मी हात खळखळून धुतले. तंबाखूच्या पिशवीला हात लावला नाही. तंबाखू मी सोडला असं कुणी समजू नये. दुपारनंतर तो होताच. सकाळपुरता नव्हता.

वर गेलो. येऊ नको म्हटलेलं होतं, तरी गेलो. दार उघडंच होतं. ती एकटीच करत होती. एका हातात नळी, एका हातात काडी, आणि भिंग तोंडासमोर हलतंय. नळ्यांचे तांबडे-पांढरे दोरे तिनं कापून टाकले होते, नुसते आकडे लिहिले होते. माझ्याकडं तिनं बघितलं, पण बाहेर जा म्हणाली नाही.

कोपऱ्यातलं खोकं मी उघडलं. हातमोजे आत चिकटून बसलेले, बोटं शिरेनात. दोनदा उलटे गेले. तिसऱ्यांदा बसले. स्टूल ओढून मी तिच्या शेजारी बसलो आणि नळी तिच्या हातातून घेतली, उजव्या हातात. मग डावा हात पुढं केला. तिनं थोडा वेळ तो तसाच राहू दिला. मग साखरेची काडी त्यात दिली.

ती भिंगाला डोळा लावून म्हणाली, "द्या."

मी फुंकर दिली, आणि पहिल्या माशीला डाव्या हातानं साखर घातली.